चित्राशेजारच्या पट्टीवर 'ऑटिस्टिक' लिहायचं की नाही?

मासुंदा_काठ

२ एप्रिल, म्हणजे जागतिक ऑटिझम जागरूकता दिन जवळ आला की ठाण्यात, वाशीत, खारघरला ऑटिस्टिक मुलामोठ्यांच्या चित्रांची प्रदर्शनं लागतात. लागायलाच हवीत. पण भिंतीवरच्या पट्ट्या जरा वाचून बघा. नाव, वय, निदान. चित्र कशात केलंय, कधी केलंय, केवढं आहे, यातलं काहीच नाही.

माझं मत: पट्टीवर आणि निमंत्रणावर निदान नको. नाव, शीर्षक, वर्ष, माध्यम, आकार (आधी उंची, मग रुंदी, सेंटिमीटरमध्ये) आणि किंमत, बस. बाकी कुठल्याही चित्रकाराच्या पट्टीवर असतं तेच.

कारण एकदा तो शब्द वाचला की माणसं चित्र बघायचं सोडून कौतुक करायला लागतात. स्टीफन विल्टशायर या ऑटिस्टिक ब्रिटिश चित्रकाराचं नाव बहुतेकांना ठाऊक असेल. २००५ साली हेलिकॉप्टरमधून टोकियोवर एक छोटी फेरी मारून त्याने १० मीटर लांब कॅनव्हासवर ते शहर आठवणीतून रेखाटलं. २००६ साली त्याची लंडनमध्ये स्वतःची गॅलरी सुरू झाली. यश म्हणाल तर हे पूर्ण यश. तरी त्याच्याबद्दल लोक काय बोलतात? खिडक्या बरोबर मोजल्यात का! त्याची पेनाची रेघ कुठे सैल सुटते, गर्दीच्या भागात तो कुठे हात आवरता घेतो, यावर चकार शब्द नाही.

दुसरं टोक नादियाचं. इंग्लंडमधली ही ऑटिस्टिक मुलगी साडेतीन-चार वर्षांची असताना असे घोडे काढायची की मोठ्या चित्रकारांनी थबकावं. १९७७ साली तिच्यावर मानसशास्त्रज्ञाचं पुस्तक आलं. पुढे ती थोडं बोलायला लागली आणि ते चित्र काढणं ओसरलं. मग जगाचा तिच्यातला रसही ओसरला, कारण रस चमत्कारात होता. आपल्या हॉलमध्ये छोट्या प्रमाणावर हेच होतं. दयेपोटी चित्र घेणारा पुढच्या वर्षी दुसरं चित्र घ्यायला येत नाही.

रेषा_वाशी

मला हे पटत नाही. ताजं उदाहरण बघा. डिसेंबर २०२५ मध्ये टर्नर पारितोषिक, म्हणजे ब्रिटनमधला समकालीन कलेचा मोठा पुरस्कार, नेना कालूला मिळालं. ती ऑटिस्टिक आहे, तिला बौद्धिक अक्षमता आहे, बोलणं फार मर्यादित आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या कलाकाराला मिळालेला हा पहिला टर्नर. मंचावर तिच्या वतीने तिची सहायक शार्लट हॉलिन्सहेड बोलली. हे सगळं झाकून नुसतं 'नेना कालू, मिश्र माध्यम' लिहिलं असतं तर काय हरवलं असतं?

व्यवस्था हरवली असती. लंडनच्या अ‍ॅक्शनस्पेस या संस्थेत ती १९९९ पासून काम करते. पारितोषिकापर्यंत २६ वर्षं. तेवढा काळ जागा, साहित्य, आणि तिच्या हाताचा वेग ओळखणारं माणूस शेजारी. तिची शिल्पं बघा: आतल्या गाभ्यावर कापड, टेप, प्लॅस्टिक, जुन्या व्हिडिओ कॅसेटची फीत असं गुंडाळत, बांधत, पुन्हा गुंडाळत जायचं. चित्रं गोल गोल फिरणाऱ्या भोवऱ्यांची, तीही जोडीने किंवा तिनाच्या संचात: एक झालं की त्याच लयीत शेजारच्या कागदावर दुसरं. रविवारी दोन तासांच्या 'अ‍ॅक्टिव्हिटी क्लास'मध्ये हे होणार नाही. रीळ संपलं की पुढचं हाताशी लागतं, कागद माणसापेक्षा मोठा लागतो आणि अर्धवट शिल्प आठवडाभर जागेवरून हलवायचं नसतं. आपल्याकडच्या हॉलमध्ये सहा वाजता योगाचा वर्ग असतो आणि सगळं उचलून कोपऱ्यात ढकललं जातं. काम तिथेच तुटतं.

शब्द झाकलात तर असा हॉल कशाला द्यायचा, हे नगरसेवकाला कसं सांगणार? मी तर पट्टीवर आणखी एक ओळ घालीन: 'स्टुडिओ साहाय्य' आणि त्या माणसाचं नाव. मैफलीच्या पत्रिकेवर तबल्याला कोण, पेटीला कोण हे छापतोच ना? त्याने गाणाऱ्याचं गाणं कमी होत नाही.

मासुंदा_काठ

तबल्याची उपमा इथे लागू पडत नाही. तबला ऐकू येतो, त्याचं माप श्रोत्याला घेता येतं. चित्रात साहाय्य कुठपर्यंत गेलं ते दिसत नाही. काम कधी संपलं हे कोणी ठरवलं? कडेला राहिलेली पांढरी जागा शिक्षिकेने 'जरा भरून घेऊ या' म्हणून भरली का? पार्श्वभूमीला निळा वॉश (पातळ रंगाचा हात) कुणाचा? नाव छापून ही शंका मिटत नाही, उलट वाढते.

रेषा_वाशी

म्हणून काम चालू असताना नोंद ठेवायची. एक वही, प्रत्येक चित्राला अर्धं पान: तारीख, किती वेळ, साहित्य कुणी निवडलं (दोन-तीन पर्याय समोर होते की एकच?), मध्ये कुणी हात लावला का, कागद कोणी बाजूला सारला. कलाकाराने स्वतः सारला तर काम संपलं. घड्याळ बघून आपण उचललं तर 'अपूर्ण' लिहायचं आणि पुढच्या वेळी तोच कागद परत समोर ठेवायचा. सहायकाने कागद धरावा, झाकण उघडावं, पाणी बदलावं. ब्रश कागदाला लावू नये, हात धरून गिरवू तर मुळीच नये. गिरवलेल्या चित्रात सगळ्या मुलांची झाडं सारखी येतात, बघणाऱ्याला लगेच कळतं.

ऐरोली_१०

मी स्वतः ऑटिस्टिक आहे, व्यवसाय ग्राफिक डिझाइनचा. वर दोघांनी 'लिहावं' आणि 'लिहू नये' याची कारणं दिली, पण ज्याचं चित्र आहे त्याला विचारायचं कसं हे कुणीच लिहिलं नाही.

आधी शब्दाबद्दल. लिहिणार असाल तर 'ऑटिस्टिक' लिहा. 'स्वमग्न' नको, 'विशेष' नको, 'ऑटिझमवर मात करणारा' तर नकोच. मूळ ग्रीक 'ऑटोस' म्हणजे स्वतः, त्यावरून मराठीत स्वमग्न आला. पण मराठी वाचणाऱ्याच्या कानाला तो 'आपल्याच नादात असलेला, बाहेरचं भान नसलेला' असा लागतो. कित्येक ऑटिस्टिक माणसांची अडचण बरोबर उलटी असते: बाहेरचं इतकं आत येतं की थांबवता येत नाही. जुन्या ट्यूबलाइटची थरथर, पंख्याची घरघर, माइकची शिट्टी, सगळं एकदम. पट्टीवरचा शब्द चुकला की बघणारा चित्रही चुकीचं वाचतो.

आता विचारणं. 'हे विकायचं की ठेवायचं?' असं तोंडी विचारलं आणि उत्तर आलं 'ठेवायचं'. याला निर्णय समजू नका. ऐकलेलं शेवटचं परत म्हणणं, ज्याला इकोलेलिया म्हणतात, ते असेल तर उत्तर प्रश्नाच्या शेपटाचं असतं. क्रम उलटा करून विचारा. उत्तरही उलटलं तर ते उत्तर नव्हतं. अशा वेळी कार्डं करा, १० बाय १५ सेंटिमीटरची. एकावर चित्र घरच्या भिंतीवर, दुसऱ्यावर तीच भिंत रिकामी आणि चित्र कागदात बांधून अनोळखी हातात. विकणं म्हणजे चित्र परत येणार नाही, हे रिकाम्या भिंतीच्या फोटोतून कळतं, बोलण्यातून कळेलच असं नाही. तीन वेगळ्या दिवशी, तीन वेगळ्या वेळी विचारा, कार्डांची डावी-उजवी बाजू बदलून. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं तर धरा. दोन-एक झालं तर चित्र विकू नका, 'विक्रीसाठी नाही' लिहून लावा.

पट्टीवरच्या शब्दासाठीही हेच करायचं: शब्द असलेली पट्टी आणि नसलेली पट्टी छापून समोर ठेवा. पाच कलाकारांच्या प्रदर्शनात तिघांच्या पट्टीवर शब्द आहे आणि दोघांच्या नाही, असं दिसलं तर दिसू द्या.

चौकट_नौपाडा

पट्टीत काय लिहायचं ते तुम्ही ठरवा, मी पट्टीशेजारच्या वस्तूबद्दल लिहितो, कारण तिथे नुकसान जास्त होतंय.

लॅमिनेशन करू नका. चित्र 'टिकावं' म्हणून पालक आणि शाळा सर्रास करतात. गरम प्लॅस्टिक कागदाला कायमचं चिकटतं, ऑइल पेस्टल वितळून पसरतं, आणि असं चित्र कुठलाही जाणकार संग्राहक मूळ कलाकृती म्हणून घेत नाही.

साध्या स्केचपेनची शाई डायची (विरघळणाऱ्या रंगाची) असते, उजेडात उडते. आधी गुलाबी आणि जांभळा जातो. खिडकीसमोर लावलं तर काही महिन्यांत फरक दिसतो. पिगमेंट (न विरघळणाऱ्या रंगकणांच्या) शाईची पेनं द्या. पण जुनी पेनं हातातून काढून घेऊ नका. टोकाचं कागदावरचं घासणं, टोपणाचा 'टक्' आवाज, वास, यांतल्या कशाशीही काम बांधलेलं असू शकतं. नवीन जुन्याशेजारी ठेवा, त्याच रंगक्रमाने, आणि वाट बघा. घेतलीच नाहीत तर जुन्यांनी काढू द्या आणि चित्र झाल्या दिवशी ६०० डीपीआयवर स्कॅन करा. वहीत काढत असेल तर पान फाडू नका, अख्खी वही हीच कलाकृती. कोरी वही हवी असेल तर २०० ते ३०० जीएसएमच्या आम्लमुक्त कागदाची त्याच आकारात बांधून घ्या.

आपल्या खाडीकाठच्या हवेत बुरशी हा खरा शत्रू. चित्र काचेला टेकलं की पावसाळ्यात घाम धरून चिकटतं. मध्ये माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) हवाच, निदान २ मिलिमीटरचा. पाठीला हार्डबोर्ड थेट नको, मध्ये आम्लमुक्त पुठ्ठा. चिकटपट्टी चित्रावर कुठेच नाही, वरच्या दोन कोपऱ्यांना जपानी कागदाच्या बिजागऱ्या, गव्हाच्या खळीने. काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक घ्या. ट्रान्स-हार्बर लोकलच्या मालडब्यातून न्यायचं तर काच वाशीपर्यंत पोचेलच असं नाही. फक्त पेस्टल किंवा कोळशावर अ‍ॅक्रिलिक नको, त्याला स्थिर वीज धरते आणि भुकटी ओढली जाते. तिथे काचच.

चित्रामागे मऊ पेन्सिलने नाव, तारीख, क्रमांक. बॉलपेन नको, ठसा पुढे उमटतो.

कळवा_पूर्व

सही कोण करणार? कलाकार २४ वर्षांचा आहे, लिहिता येत नाही, तर विक्रीच्या कागदावर आईने केली तर चालते ना?

रेषा_वाशी

आपोआप नाही. १८ पूर्ण झाले की आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंग व्यक्तीला मालमत्ता ठेवण्याचा आणि स्वतःचे पैसे सांभाळण्याचा इतरांइतकाच हक्क दिलाय. म्हणून आधी आधार देऊन त्याच्याकडूनच संमती: वरची कार्डं, अंगठा, दोन साक्षीदार. व्यवहार समजणं खरोखरच शक्य नसेल तर राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली कायदेशीर पालकत्व घेता येतं. ऑटिझम त्यात येतो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे. ऐरोली, वाशी, बेलापूर ठाणे जिल्ह्यात, पण खारघर आणि पनवेल रायगडमध्ये, तेव्हा खारघरवाल्यांचं जिल्हाधिकारी कार्यालय अलिबागला. 'नवी मुंबई' म्हणून ठाण्याला हेलपाटा घालू नका.

आणि चित्र विकलं म्हणजे त्याचा कॉपीराइट विकला असं होत नाही. कागद आणि रंग संस्थेचे असले तरी वर्गात काढलेल्या चित्राचा कॉपीराइट काढणाऱ्याचा. दिवाळीची भेटकार्डं, मग, कॅलेंडर छापायचं तर लेखी करार हवा, त्यात कोणत्या वस्तू, किती प्रती, किती मानधन, किती काळ. काळ लिहिला नाही तर कायदा ५ वर्षं धरतो. मूळ चित्र पुढे १० हजारांच्या वर पुन्हा विकलं गेलं तर त्या रकमेत कलाकाराला वाटा मागता येतो, जास्तीत जास्त १० टक्के. आठवीतल्या मुलाच्या चित्रालाही हे लागू आहे.

मासुंदा_काठ

साहाय्याची वही आणि कार्डांची पद्धत, दोन्ही घेण्यासारखं आहे. पट्टीबद्दल ऐरोली_१० यांचं ऐकतो: ज्याच्या तीन दिवसांच्या उत्तरात शब्द आला त्याच्या पट्टीवर येऊ दे. साहाय्य करणाऱ्यांची नावं दाराशी एका फलकावर, सगळ्यांची एकत्र.

पण निमंत्रणावर शब्द नको, यावर मी ठाम आहे. तिथे पाचही नावं एका शब्दाखाली जातात आणि तो शब्द नको असलेल्या दोघांवरही लादला जातो. सचोटीने बघा: अमेरिकेत ओकलंडला क्रिएटिव्ह ग्रोथ नावाचा स्टुडिओ १९७४ पासून आहे. तिथला डॅन मिलर ऑटिस्टिक आहे. बल्ब, सॉकेट असे शब्द एकावर एक लिहीत जातो, इतके की शेवटी अक्षर राहत नाही, काळ्या रेघांचं जाळं उरतं. त्याचं काम न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात आहे आणि २०१७ च्या व्हेनिस बिनालेतही (दर दोन वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात) होतं. २०१३ च्या बिनालेत जपानचा ऑटिस्टिक शिल्पकार शिनिची सावादा होता, मातीच्या प्राण्यांच्या अंगभर शेकडो काटे लावणारा. ही कामं तिथे बाकीच्या जगाच्या कामांसोबत मांडली होती, 'ऑटिझम दालनात' नव्हती.

रेषा_वाशी

बिनालेपर्यंत पोचलेल्यांचं निमंत्रण आणि आपल्या नौपाड्यातलं निमंत्रण एक नाही. तिथे शब्द नसला तरी मागे स्टुडिओ आहे. इथे तो शब्द काढला की हॉलची सवलतही जाईल. माझा विरोध कायम.

ऐरोली_१०

हॉलच्या अर्जात शब्द लिहा, निमंत्रणावर नको. अर्ज अधिकारी वाचतो, निमंत्रण लोक वाचतात. दोन कागद वेगळे आहेत.

आणि उद्घाटनाला कलाकाराने यायलाच हवं असं धरू नका. आदल्या संध्याकाळी रिकाम्या हॉलमध्ये आणून चित्रं कुठे लागली ते दाखवा, मध्यबिंदू जमिनीपासून १४५ सेंटिमीटरवर. दुसऱ्या दिवशी पहिला तास माइक, ढोल, फीत काही नाही. बाजूच्या दाराजवळ एक खुर्ची, तिच्यावर कुणी पर्स ठेवणार नाही एवढं बघा. हार घालायचा असेल तर आधी विचारा. झेंडूचा वास आणि मानेला ओला दोरा, दोन्ही सहन होत नाही अशी माणसं आहेत.

चौकट_नौपाडा

पट्ट्या मॅट कागदावर छापा, अक्षर १८ पॉइंट. चकचकीत कागदावर दिवा पडला की नावसुद्धा वाचता येत नाही.