यादीतील प्रत्येक नगाला स्वतंत्र अट कशी लावावी

मागणीपत्रकातील वस्तूंच्या यादीत टॉवेल असेल तर जीएसएम (दर चौरस मीटरचे ग्रॅममधील वजन) आणि चादर असेल तर लांबी-रुंदी सक्तीची करायची आहे, परंतु जेसन स्कीमात (जेसन स्वरूपातील माहिती तपासण्याच्या नियमावलीत) ‘इफ-देन’, म्हणजे ‘जर-तर’ची अट, लिहूनही चुकीचा जेसन पास होतो, असा आपला प्रश्न आहे. आपण अट संपूर्ण पत्रकाच्या पातळीवर लिहिली आहे. तिथे ‘प्रकार’ हे फील्डच नाही. ते यादीतील प्रत्येक नगाच्या आत आहे, म्हणून ‘इफ-देन’ची जोडी यादीतील प्रत्येक नगाला लागू होणाऱ्या ‘आयटम्स’च्या आत हलवावी.

हलवल्यावर एक खाच राहते. ‘इफ’मध्ये केवळ ‘प्रॉपर्टीज’ (फील्डचे नियम) आणि ‘कॉन्स्ट’ (ठरावीक किंमत, उदा. टॉवेल) लिहिले, तर ज्या नगात ‘प्रकार’ भरलेलाच नाही तिथेही अट खरी ठरते, कारण ‘प्रॉपर्टीज’ अस्तित्वात असलेल्या फील्डचीच तपासणी करते. परिणामी प्रकार न लिहिलेल्या नगावर जीएसएम नसल्याची तक्रार येते आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो. त्यासाठी ‘इफ’च्या आतही फील्ड सक्तीचे करणारे ‘रिक्वायर्ड’ द्यावे, आणि प्रकार अनिवार्य असल्यास ‘इफ’च्या बाहेरही द्यावे.

सोलापुरात एकाच पत्रकात स्थानिक चादरी आणि निर्यातीचे टॉवेल असू शकतात. यादीत निर्यातीचा एक जरी नग असला तर पत्रकावर बंदराचे नाव हवे, अशी अट मात्र पत्रकाच्या पातळीवरच, ‘इफ’मध्ये ‘कंटेन्स’ (यादीत असा किमान एक नग आहे का, हे पाहणारा शब्द) वापरून लिहावी लागेल. रिकामी यादी ‘आयटम्स’मधून बिनबोभाट पास होते, म्हणून ‘मिनआयटम्स’ (नगांची किमान संख्या) १ ठेवावे. ‘इफ-देन’ जेसन स्कीमाच्या ड्राफ्ट-०७ या आवृत्तीपासून आहे. त्याहून जुना व्हॅलिडेटर (तपासणी करणारा प्रोग्राम) या अटींकडे चक्क दुर्लक्ष करू शकतो.