मदत हवी आहे: आईसाठी रूम हीटर कुठला घेऊ? लवकर सांगा

मृणाल_ठाणे
आईसाठी रूम हीटर घ्यायचाय. वय ७८, एकटी राहते, गारठ्यानं रात्रभर झोप लागत नाही म्हणते, काल फोनवर बोलताना दात वाजत होते तिचे. ऑइलवाला, हॅलोजन आणि फॅनवाला असे तीन प्रकार दिसतायत, दुकानदार म्हणतो डोळे झाकून २००० वॅटचा ऑइलवाला घ्या. शनिवारी गावी निघायचंय त्याआधी हातात पाहिजे. जुने धागे बघितले, सगळे तान्ह्या बाळांचे आहेत. प्लीज पटकन सांगा.

अनिकेत_प
गाव कुठलं? खोली केवढी? घर कसलं आहे?

पमाकाकू
हीटर नको गं, हवा कोरडी होते, घसा धरतो. बाजरीची भाकरी, तिळाची चटणी, वर तूप, आणि सकाळी एक डिंकाचा लाडू. आमच्या सासूबाईंनी नव्वदीपर्यंत यावरच थंडी काढली.

मृणाल_ठाणे
काकू, आईला शुगर आहे, लाडू कसा देऊ. अनिकेत, निफाडजवळचं खेडं, खोली दहा बाय बारा. मला फक्त हीटरचं सांगा ना कुणीतरी.

दिंडोरीकर
निफाड म्हटल्यावर समजलं. २०१८ च्या डिसेंबरात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा १.८ वर आला होता, आम्ही रात्ररात्र द्राक्षबागेत शेकोट्या पेटवून बसलेलो, पहाटे ड्रिप सोडायचो मणी तडकू नयेत म्हणून. यंदा पण तेच चाललंय, छाटणी उशिरा झालेल्या बागांचं काय करायचं कुणी सांगेल का? असो. ताई, हीटरवर पैसे घालू नका, घमेल्यात बाभळीचे निखारे घ्या, खोलीत ठेवा, दार लावून घ्या, सकाळपर्यंत ऊब राहते.

आयसीयू_सिस्टर
हे कुणीही करू नका, हात जोडून सांगते. बंद खोलीत निखारे धुमसले की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला ना रंग ना वास, झोपलेल्या माणसाला काही कळतच नाही. रक्तात ऑक्सिजनच्या जागी तोच जाऊन बसतो. दर हिवाळ्यात कुठे ना कुठे अख्खं कुटुंब जातं असं.

दिंडोरीकर
आजोबांपासून करतोय आम्ही, कुणाला काही झालं नाही.

आयसीयू_सिस्टर
दादा, आजोबांचं घर कौलारू होतं ना? कौलांच्या फटीतून धूर, वायू सगळं निघून जायचं. आता लोक स्लॅब टाकतात, सरकत्या खिडक्या बसवतात आणि वर दाराच्या फटीत कापड कोंबतात. निखारा तोच आहे, हवा जायला वाट राहिली नाही.

दिंडोरीकर
हां, घर बदललं हे खरंय. पण बाहेर ओट्यावर शेकोटी केली तर चालेल ना?

आयसीयू_सिस्टर
ओट्यावर चालेल. फक्त पदर सांभाळा आणि पूर्ण विझल्याशिवाय घमेलं आत आणू नका.

टोरंटोहून_मंदार
आमच्याकडे बाहेर उणे २० असतं तरी घरात २१. थर्मोस्टॅट लावला की विषय संपला. खिडक्यांना दुहेरी काच, भिंतीत इन्सुलेशन. डब्ल्यूएचओनं पण २०१८ च्या गाइडलाइनमध्ये थंडीत घरात किमान १८ अंश ठेवा म्हटलंय, म्हाताऱ्या माणसांना त्याहून जास्त लागू शकतं. तुम्ही नवीन बांधकाम करत असाल तर भिंतीपासूनच विचार करा.

मृणाल_ठाणे
मी बांधकाम करत नाहीये हो!! शनिवारी जायचंय मला.

वायरमन_काका
आधी प्लग कुठला ते सांगा. २००० वॅट म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर, साध्या पाचच्या प्लगवर लावला की पिन वितळते, एक्स्टेंशन बोर्डवर लावला तर आगच. आणि सलग चालला तर तासाला २ युनिट, आठ तासांचे १६, थर्मोस्टॅट मधे बंद करेल म्हणा पण ऊब टिकत नाही अशा खोलीत तो बंद होतच नाही. बिल आलं की आईच बटण बंद करून झोपतील, नोकरीत असताना बघितलंय मी हे. छप्पर कसलं आहे?

मृणाल_ठाणे
प्लग लहानच आहे, पाचचा. छप्पर पत्र्याचं. आई पलंगावरून पडायची भीती वाटते म्हणून खाली फरशीवर गादी घालून झोपते, आत्ता नाही, चार-पाच वर्षं झाली. हे सगळं लागतं का हीटरसाठी?

अनिकेत_प
लागतं ना ताई, यातच तर सगळं आलं! पत्र्याखाली हीटर लावणं म्हणजे चाळणीत पाणी भरणं, गरम हवा वर जाते आणि पत्रा रात्री आभाळाकडे सगळी उष्णता सोडून देतो. आणि फरशी खालून अंग गार करते, वर तीन गोधड्या टाकून उपयोग नाही, एक खाली टाका. वीतभर उंचीची लाकडी चौकी, त्यावर घोंगडी, मग गादी. चौकी भिंतीपासून हातभर लांब. पत्र्याखाली बांबूच्या चटया बांधून घ्या, मधे चार-पाच इंच हवा राहू दे, ती हवाच काम करते.

सडेतोड
मुळात आईला एकटं ठेवलंच कशाला? दोन महिने ठाण्याला आणा, प्रश्न मिटला.

मृणाल_ठाणे
मी विचारलं नसेल का? तिची गाय आहे, तिसऱ्या मजल्यावर आमचं घर, लिफ्ट नाही, चार दिवसांत ती घुसमटते. तिला तिच्या घरातच राहायचंय आणि तिथं तिला नीट झोप लागावी एवढंच मला करायचंय.

पमाकाकू
बरोबर बोललीस. बिनसाखरेचा जवसाचा लाडू जमतो का बघ, खजूर पण नको घालूस.

आयसीयू_सिस्टर
मृणालताई, शुगर आहे म्हणालात म्हणून विचारते, पायाला मुंग्या, बधिरपणा आहे का? असेल तर गरम पाण्याची पिशवी पायाशी ठेवून झोपू देऊ नका, चटका कळत नाही, सकाळी फोड दिसतात. अंथरूण आधी गरम करायचं आणि झोपताना पिशवी काढायची. पायात लोकरी मोजे, डोक्याला कानटोपी. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, त्यानं पण थंडी जास्त वाजते. आणि दात वाजतायत तोवर शरीर झगडतंय. कुडकुडणं थांबलं, बोलणं अडखळायला लागलं, सुस्त वाटल्या तर लगेच दवाखाना. अंगाचं तापमान ३५ च्या खाली गेलं की धोका, आणि जुना पाऱ्याचा थर्मामीटर ३५ खाली दाखवतच नाही, डिजिटल घेऊन जा.

मृणाल_ठाणे
बधिरपणा आहे, हो. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही तिला. पिशवी रोज घेऊन झोपते, आत्ताच फोन करून काढायला सांगितली. ऑइलवाल्याची ऑर्डर रद्द करते. चौकीचं शेजारच्या सुताराला सांगितलं, शनिवारपर्यंत देतो म्हणाला. चटया निफाडच्या बाजारात मिळतील का?

दिंडोरीकर
लासलगावला बघा, नाहीतर मी बघून ठेवतो. चटयांऐवजी थर्माकोल स्वस्त पडेल पण.

वायरमन_काका
थर्माकोल नको, ठिणगी लागली की पेटतं आणि वितळून अंगावर गळतं. पत्र्याखालून वायर गेलेली असेल तर तीही आधी बघून घ्या.

नंदुरबारहून
माझा पण असाच प्रश्न. वडील अंथरुणाला खिळून आहेत, रात्री लघवी होते गादीत, इलेक्ट्रिक ब्लँकेट घेऊ का?

वायरमन_काका
ओल्या गादीत विजेचं काहीच नको. पत्ता, खोली, छप्पर, प्लग, सगळं लिहून वेगळा धागा काढा, सांगतो.