अनुभव धागा: एलएलबी करताना प्रत्यक्षात काय होतं?

पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या एलएलबीला नुकताच प्रवेश घेतलाय. सीईटी झाली, कागदपत्रं जमा झाली, आता पुढे काय वाढून ठेवलंय ते कळत नाहीये. फी आणि 'स्कोप' यावर बोलून झालंय, ते इथे नको. वर्गात, परीक्षेत, कोर्टात काय होतं ते सांगा.

बेअर अ‍ॅक्ट

आमची बॅच दोन कायद्यांच्या मध्ये सापडली. भारतीय दंड संहिता शिकलो आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. ५११ कलमांची ३५८ झाली. खुनाचं ३०२ आता १०३ झालंय, फसवणुकीचं ४२० गेलं ३१८ मध्ये. गंमत म्हणजे नव्या संहितेतही ३०२ आहेच, पण ते धार्मिक भावना दुखावण्यासाठी मुद्दाम काही बोलण्याबद्दलचं! सवयीने '३०२ लागलं' म्हणालं की आमच्या मॅडम विचारायच्या, "असं काय बोलला तो?"

जुनं विसरताही येत नाही. गुन्हा त्या तारखेच्या आधीचा असेल तर शिक्षा जुन्याच संहितेप्रमाणे, त्यामुळे कोर्टात दोन्ही चालू. कलमांचे आकडे पाठ करण्यात वेळ घालवू नका. गुन्ह्याचे घटक पक्के करा, ते फारसे बदललेले नाहीत.

जुना विद्यार्थी

कॉमर्सहून आलो होतो, पानंच्या पानं लिहायची सवय. पहिल्या सत्रात सरांनी उत्तरपत्रिका दाखवून सांगितलं, निबंध नको. प्रश्नात गोष्ट दिलेली असते: सतरा वर्षांच्या मुलाने घर गहाण ठेवून कर्ज काढलं, सावकार पैसे मागतोय, सल्ला द्या. मुद्दा काय, कलम कोणतं, निवाडा कोणता, तो इथे बसतो का, एवढंच हवं असतं. इथे १९०३ चा मोहरीबीबी खटला: अज्ञानाशी, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलाशी, केलेला करार मुळातच शून्य, म्हणजे कायद्याने करारच नाही. तो वाचल्यावर सावकाराची कीव आली होती, अजूनही थोडी येते.

कॉन्ट्रॅक्ट आणि टॉर्ट्स (दुसऱ्याचं नुकसान केल्यास भरपाई द्यायला लावणारा कायदा) मजेत जातात, गोष्टी भरपूर. सिव्हिल प्रोसिजर, म्हणजे दिवाणी दावा चालवायची पद्धत, मात्र गिळवत नाही. त्यातले ऑर्डर आणि रूल (नियम) डोक्यात शिरायला खरा दावा हातात पडावा लागतो.

नोकरी सांभाळून

मूट कोर्टबद्दल, म्हणजे कॉलेजात सरावासाठी लढवायच्या लुटुपुटुच्या खटल्याबद्दल, कोणी लिहिलं नाही? तयार केलेलं भाषण दोन वाक्यांत संपतं. न्यायाधीश झालेले सर मध्येच तोडतात, "काउन्सेल, हा निवाडा तुमच्या विरोधात जात नाही का?" आणि तो खरंच जात असतो. बोलण्याची सगळी ऐट तिथेच उतरते. मला त्या पेपरमधून जे मिळालं ते बाकी सगळ्या सत्रांत मिळालं नाही.

शेवटच्या वर्षी एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला प्रत्यक्ष पाहून त्याची डायरी लिहायची असते. मी उलटतपासणी बघायला गेले आणि बघितल्या तारखा. साक्षीदार आला तर वकील नाही, वकील आला तर आरोपीला आणलेलं नाही. डायरीत तेच लिहिलं. परीक्षकांनी त्यावरच सगळ्यात जास्त प्रश्न विचारले.

मराठी माध्यम

आमच्याकडे उत्तरं मराठीत लिहायची मुभा होती, मी लिहिली. चांगली पुस्तकं मात्र बहुतेक इंग्रजीत. रोज एक निवाडा, नुसता हेडनोट (वर दिलेला सारांश) नव्हे, पूर्ण वाचायचा असा नेम केला. सुरुवातीला एका परिच्छेदाला अर्धा तास लागायचा. आज तालुका कोर्टात काम करते, तिथे युक्तिवाद मराठीतच. उच्च न्यायालयात गेलं की राज्यघटनेचं कलम ३४८ आडवं येतं, कामकाज इंग्रजीत. दोन्ही हात चालवायला शिका, इलाज नाही.

काळा कोट

पदवीनंतरचं कोणीच बोललं नाही. निकालानंतर राज्य बार कौन्सिलकडे (वकिलांच्या राज्यातल्या संस्थेकडे) नोंदणी, मग बार कौन्सिल ऑफ इंडियाची एआयबीई ही वकिलीसाठीची परीक्षा: शंभर बहुपर्यायी प्रश्न, टिपणं नसलेले बेअर अ‍ॅक्ट (कायद्याचा नुसता मूळ मजकूर) नेता येतात. बेअर अ‍ॅक्ट चाळायची सवय नसेल तर ते नेऊनही उपयोग नाही, कलम शोधण्यातच वेळ जातो.

आणि पैशांचं. पूर्वी नोंदणीला 'इतर शुल्क' धरून हजारो रुपये लागायचे, आम्ही मुकाट भरले. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये सांगितलं, अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमध्ये आहे तेवढंच घ्या: खुल्या वर्गाला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. नव्या मुलांनी जास्तीची पावती फाडली जात असेल तर हा निकाल दाखवावा.