सोसायटीच्या बिलांच्या मेलला ॲप पासवर्ड पुरे की ओऑथच पाहिजे?

सेक्रेटरी_८४फ्लॅट
आमच्याकडे दर १ तारखेला मेंटेनन्सची बिलं मेलने जातात, पायथनची चाळीसेक ओळींची स्क्रिप्ट आहे, ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) चालते. २०२२ च्या मे अखेरीस जीमेलने लेस सिक्युअर ॲप्सची, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामला नुसत्या पासवर्डवर आत घ्यायची, सोय काढली तेव्हा नुसता पासवर्ड चालेना, ५३५ (लॉगिन नाकारल्याची) एरर यायला लागली, मग टू-स्टेप (लॉगिनला दुसरी खातरजमा) चालू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड, म्हणजे अशा प्रोग्रामसाठी गुगल बनवून देतं तो वेगळा पासवर्ड, टाकला, दहा मिनिटांत काम झालं. आता कमिटीतले एक जण म्हणतात ओऑथ करा, म्हणजे स्क्रिप्टला पासवर्ड न देता गुगलकडून ठरावीक परवानगीचं टोकन (डिजिटल परवाना) घ्या. मला हे अजिबात पटत नाही. गुगलच्या कन्सोलमध्ये प्रोजेक्ट काढा, कन्सेंट (परवानगीची) स्क्रीन भरा, टोकनची फाइल सांभाळा, हे सगळं पुढच्या वर्षी माझ्या जागी येणाऱ्याला कोण शिकवणार?

मध्यरात्रीचा_क्रॉन
साफ असहमत. ॲप पासवर्ड म्हणजे फक्त पाठवायची परवानगी नाही हो, त्याने आयमॅपवरून (मेल वाचायची पद्धत) अख्खा मेलबॉक्स वाचता येतो, सभासदांनी पाठवलेले भाडेकरार, आधारच्या कॉप्या, सगळं. आणि तो ठेवलाय कुठे, स्क्रिप्टमध्येच ना? ऑफिसात येणारा कुणीही फाइल उघडून बघेल. एसएमटीपी (मेल पाठवायची जुनी पद्धत) सोडा, जीमेल एपीआयने (प्रोग्रामसाठीचं जीमेलचं दार) पाठवा आणि फक्त सेंडचा स्कोप, म्हणजे पाठवण्यापुरती परवानगी, मागा. टोकन गेलं तरी चोराला आतलं काही वाचता येणार नाही.

हिशेबनीस_काकू
मी केलं होतं ओऑथ, आमच्या भिशीच्या आठवणीच्या मेलसाठी. आठवड्यात बंद पडलं!

मध्यरात्रीचा_क्रॉन
काकू, कन्सोलमध्ये ॲप टेस्टिंगमध्येच राहिलं असणार, तसं असलं की रिफ्रेश टोकन (परवानगी चालू ठेवणारं टोकन) ७ दिवसांत संपतं. प्रॉडक्शनमध्ये टाका. व्हेरिफाय नसल्याचा इशारा येईल, पण ॲपही तुमचंच आणि खातंही तुमचंच, पुढे जा.

हिशेबनीस_काकू
अहो पण हे मला कळायलाच दोन रविवार गेले, आणि त्या दोन रविवारांत भिशीतल्या बायका मलाच फोन करत होत्या. सेक्रेटरी म्हणतात ते बरोबर आहे, मागून येणाऱ्याला झेपलं पाहिजे.

सेक्रेटरी_८४फ्लॅट
आणि ओऑथ केलं म्हणजे अमर झालं असंही नाही. आमच्या खजिनदारांनी मागे खात्याचा पासवर्ड बदलला आणि ॲप पासवर्ड त्याच क्षणी रद्द झाले, एकही बिल गेलं नाही. जीमेलचा स्कोप असलेलं रिफ्रेश टोकनही पासवर्ड बदलला की तसंच रद्द होतं. मग फरक काय पडला?

मध्यरात्रीचा_क्रॉन
फरक चोरीच्या वेळी पडतो, दादा. शिवाय आउटलुक डॉट कॉमने सप्टेंबर २०२४ पासून बेसिक ऑथ (नुसत्या नाव-पासवर्डाने लॉगिन) बंदच केलं, उद्या इथेही तसं झालं तर तुम्ही १ तारखेच्या रात्री शोधत बसणार का?

तिसरा_मजला
८४ च घरं आहेत ना? बिलं गुगल शीटमध्ये घ्या आणि ॲप्स स्क्रिप्टने (गुगलकडेच चालणारी स्क्रिप्ट) पाठवा, साध्या खात्यालाही दिवसाला १०० जणांपर्यंत मेल जातात, पासवर्ड कुठे लिहायचाच नाही. परवानगी एकदा द्यायची, वेळ लावायची.

सेक्रेटरी_८४फ्लॅट
हे करून बघतो. पण काही घरांत नवराबायको दोघांना कॉपी जाते, ती धरली तर १०० च्या वर जाईल, दोन दिवसांत वाटावं लागेल. तोवर ॲप पासवर्डच ठेवतोय, फक्त बिलांसाठी वेगळं खातं काढून, म्हणजे भाडेकरार तिथे नसतीलच. आणि स्क्रिप्ट अडकली तर मला एसएमएस यावा असं करतोय, कारण मेल बंद पडल्याची बातमी मेलने येणार कशी? मागच्या वेळी ती तळमजल्यावरच्या आजोबांनी दारावर येऊन दिली, ९ तारखेला.