चिकट, चकचकीत पाकातल्या चिकन तंगड्या घरी कशा कराव्यात? सल्ला हवा आहे

प्रश्न, चोपडा

दिवाळीच्या सुट्टीत मुलगा पुण्याहून घरी येणार आहे. तिकडे हॉटेलात खाल्लेल्या, बोटांना चिकटणाऱ्या गोड-तिखट तंगड्या घरी कर, असा त्याचा हट्ट आहे. आमच्याकडे चिकन म्हणजे काळ्या मसाल्याचा तर्रीदार रस्सा आणि कळण्याची भाकरी, त्यामुळे चिकनला गोड लावण्याचा सराव घरात कोणालाच नाही. यूट्यूबवर कृती पुष्कळ आहेत, परंतु कोणी मध सुरुवातीलाच चोळतात, कोणी शेवटी ओततात, आणि त्यांतले बरोबर कोणते ते कळत नाही. घरात मध्यम आकाराचा ओटीजी आहे, पण वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून गॅसवरचा मार्गही कोणी सांगितला तर बरे होईल. मधाऐवजी गूळ चालतो का, आणि हाडाजवळ मांस कच्चे राहू नये यासाठी काय करावे, हेही कृपया सांगावे.

उत्तर, जळगाव

ताई, गोड शेवटी लावावे, यात शंका ठेवू नका. मधातील फ्रुक्टोज सुमारे ११० अंश सेल्सिअसपासूनच तांबूस होऊ लागते आणि ओव्हन तर २०० अंशांवर असतो. तंगडी आतपर्यंत शिजायला पाऊण तासाच्या आसपास वेळ लागतो, म्हणून सुरुवातीला लावलेला मध तोपर्यंत काळा होऊन कडू लागतो. चिकन आधी जवळजवळ पूर्ण भाजून घ्यावे आणि पाक शेवटच्या दहा-बारा मिनिटांत चढवावा.

आठ तंगड्या, म्हणजे अंदाजे एक किलो, घ्या. दुकानात नुसते लेगपीस म्हटले तर बहुधा मांडीसकट अख्खा पाय मिळतो, म्हणून तंगडी वेगळी हवी आणि कातडी काढू नका, हे दोन्ही स्पष्ट सांगा. आपल्याकडे न विचारता सोलून देण्याचीच पद्धत आहे. एका कोंबडीला दोनच तंगड्या, तेव्हा आठ हव्या असल्यास आदल्या दिवशी सांगून ठेवलेले चांगले. घरी आणल्यावर तंगड्या कागदाने किंवा स्वच्छ फडक्याने अगदी कोरड्या टिपा. ओल राहिली तर कातडी भाजली न जाता वाफवली जाते आणि तिच्यावर पाक धरत नाही.

मीठ एक सपाट चमचा, आले-लसूण, मिरपूड आणि थोडे तेल लावून किमान दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. सोया सॉस खारट असतो, म्हणून मीठ यापेक्षा वाढवू नका. ओटीजी २०० अंशांवर आधी तापवून घ्या. ट्रेमध्ये फॉइल अंथरा, त्यावर जाळी ठेवून तंगड्या मांडा आणि अर्ध्या तासात एकदा उलटा.

तोपर्यंत गॅसवर पाक करा: चार मोठे चमचे सोया सॉस, तीन मोठे चमचे मध, एक चमचा व्हिनेगर, बारीक चिरलेला भरपूर लसूण आणि लाल तिखट. मंद आचेवर तो निम्म्यावर आला, की चमच्याच्या पाठीवर थर धरतो आणि त्यावरून बोट फिरवले तर रेघ तशीच राहते. तिथेच गॅस बंद करा. थंड होताना पाक आणखी घट्ट होतो, म्हणून भांड्यातच फार घट्ट होईपर्यंत थांबलात तर ताटात तो टॉफीसारखा कडक होईल. भाजलेल्या तंगड्यांना ब्रशने एक हात लावा, पाच-सहा मिनिटे ओव्हनमध्ये ठेवा, मग दुसरा हात लावून पुन्हा तेवढाच वेळ ठेवा. दोन पातळ थरांना जी चकाकी येते, ती एका जाड थराला येत नाही. कच्च्या चिकनला लागलेला ब्रश मात्र या पाकात बुडवू नका.

उत्तर, नवापूर

वरील कृती उत्तम आहे. हाडाजवळच्या कच्चेपणाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आमच्या गावाला हा विषय जवळचा आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील पहिला बर्ड फ्लू इथल्याच पोल्ट्रींमध्ये आढळला, आणि चिकन नीट शिजवून खाण्याचे महत्त्व तेव्हापासून इथे कोणाला वेगळे सांगावे लागत नाही. मांसाच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता, थर्मामीटर खुपसून ७४ अंश दिसले की चिकन खाण्यास सुरक्षित असते. पण तंगडीला तेवढ्यावर काढू नका, ८० ते ८५ पर्यंत जाऊ द्या. पायाच्या मांसात चिवट कोलॅजन पुष्कळ असते, ते या तापमानाला विरघळून मऊ होते आणि मांस हाडापासून सुटू लागते. छातीचा तुकडा इतका शिजवला तर कोरडा पडतो, तंगडी मात्र रसाळच राहते.

थर्मामीटर नसेल तर जाड भागात सुरी खुपसून बाहेर येणारा रस पाहा. तो स्वच्छ असावा आणि मांस हाडाला रबरासारखे चिकटलेले नसावे. पूर्ण शिजलेल्या तंगडीतही हाडालगत कधीकधी गडद लालसर डाग दिसतो. ब्रॉयलर कोंबडी कोवळ्या वयाची असते, तिच्या सच्छिद्र हाडांतील मगजाचा रंग बाहेर झिरपतो. तापमान पुरेसे असेल तर त्या डागाला घाबरण्याचे कारण नाही.

उत्तर, भुसावळ

गुळाबद्दल सांगायचे तर तो नुसता चालतो असे नाही, माझ्या मते आपल्या जिभेला तोच अधिक रुचतो. साठ ग्रॅम किसलेला गूळ, दोन चमचे चिंचेचा घट्ट कोळ, दोन चमचे सोया सॉस, ठेचलेला लसूण आणि नंदुरबारच्या मिरचीचे तिखट एकत्र उकळा. गूळ विरघळल्यावर पाक गाळून घ्या, कारण त्यात कचरा असतो. चिंच असल्यामुळे व्हिनेगरची गरज राहत नाही. शेवटी भाजलेले तीळ पेरा.

वीज गेली तर जाड बुडाच्या कढईत हेच करता येते. थोड्या तेलावर तंगड्या सगळ्या बाजूंनी तांबूस परतून घ्या, अर्धी वाटी पाणी घाला आणि झाकण ठेवून मंद आचेवर पंचवीस मिनिटे शिजवा, मध्ये एकदा उलटा. मग झाकण काढून उरलेले पाणी आटवा, पाक ओता आणि कढई हलवत राहा. बुडबुडे आधी मोठे आणि फेसाळ येतात, मग लहान व संथ होतात. त्या क्षणी उतरवा, कारण पुढच्या मिनिटाभरात गूळ बुडाला धरतो. कातडी ओव्हनइतकी कुरकुरीत होत नाही, पण पाक अधिक आतपर्यंत मुरतो.

प्रश्नकर्ती, चोपडा

सर्वांची मनापासून आभारी आहे. गुळाचाच पाक करेन. सासूबाई गोड चिकन खाणार नाहीत, आणि भाकरीबरोबर हे कोरडे लागेल का, एवढीच शंका उरली आहे.

उत्तर, जळगाव

हो, भाकरीला हे कोरडे पडते, मुलासाठी साधा भात करा. तंगड्यांबरोबर मान आणि पाठीचे तुकडे मागून घ्या आणि सासूबाईंसाठी त्यांचा नेहमीचा काळ्या मसाल्याचा रस्सा टाका. हाडांमुळे तो उलट अधिक चवदार होतो. दोन्ही एकाच वेळी जमवायचे असेल तर रस्सा आणि पाक आधी करून ठेवा. पाक फ्रिजमध्ये आठवडाभर चांगला राहतो, वापरताना चमचाभर पाणी घालून कोमट केला की पुन्हा ब्रशने लावण्याजोगा होतो.