मदत हवी आहे : पाड्यावरच्या बाईला संरक्षण अधिकाऱ्यांपर्यंत कसं पोचवायचं?

सातपुड्यातल्या पाड्यावर आशाताई म्हणून काम करते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एका ताईला नवरा मारतो. 181 या महिला हेल्पलाइनवर फोन कर म्हणणं सोपं, पण मोबाईल नवऱ्याच्या खिशात आणि रेंज टेकडीवर! अत्याचार सोसणाऱ्या बायकांना एकाच जागी मदत देणारं सखी केंद्र नंदुरबारला. जायला एकच जीप, तीही दिराच्या मित्राची. 2005च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने तिच्या वतीने मीही संरक्षण अधिकाऱ्यांना (म्हणजे या कायद्याखाली अशा बायकांच्या मदतीसाठी नेमलेल्या अधिकाऱ्यांना) कळवू शकते, एवढं माहीत आहे. बाजाराच्या दिवशी ती एकटी सुटते, तेवढाच वेळ मिळतो. अशा वेळी बाजारगावातच घरातल्या हिंसाचाराच्या अहवालाचा फॉर्म कुणी भरून घेतलाय का? तालुका विधी सेवा समितीचा मोफत वकील तिथे येतो का? आणि माझं नाव तिच्या सासरी कळू नये, यासाठी काय करता?