मदत हवी आहे: स्वतःची गाडी फेरीबोटीवर घालून इंग्लंडहून स्वित्झर्लंड, सोबत आई

मंडळी, नमस्कार.

आम्ही रेडिंगला राहतो. जुलैच्या शेवटी मुलीच्या शाळेला सुट्टी लागली की आपली गाडी घेऊन स्वित्झर्लंडला जायचं मनात आहे. मी, बायको, सात वर्षांची मुलगी आणि माझी आई. आई सध्या साताऱ्यात आहे, जूनमध्ये इकडे येईल. युकेचा व्हिजिटर व्हिसा तिला मिळालेला आहे. आम्ही सगळेच भारतीय पासपोर्टवर. मी स्किल्ड वर्कर व्हिसावर, बायको आणि मुलगी डिपेंडंट.

विमानानं झुरिक आणि पुढे भाड्याची गाडी, हा हिशेब मांडून पाहिला. सुट्टीतले दर बघून वही मिटली. शिवाय इंटरलाकनजवळ स्वयंपाकघर असलेलं घर घेतोय, त्यामुळे कुकर, पोळपाट-लाटणं, मुलीची बूस्टर सीट, आईच्या औषधांची पिशवी, सगळं डिकीत टाकून निघता येईल.

कच्चा आराखडा: डोव्हरहून फेरीनं कॅले, पहिला मुक्काम रीम्स, दुसरा कोलमार, मग बाझलवरून इंटरलाकन. तिथे पाच-सहा रात्री. येताना लक्झेंबर्ग आणि ब्रूज.

आता अडलंय कुठे ते सांगतो. फेरी की समुद्राखालच्या बोगद्यातून गाड्या नेणारी शटल ट्रेन? आईला बोटच हवी आहे. "एवढ्या लांब येऊन मी काय बोगद्यातला अंधार बघू का?" असं फोनवर ऐकून झालंय. पण तिचे गुडघे दुखतात, बोटीवर जिने किती चढावे लागतात कल्पना नाही. दुसरं म्हणजे गाडी पीसीपीवर (फायनान्स कंपनीच्या कर्जावर) आहे, हप्ते चालू आहेत. लॉगबुक (गाडीच्या नोंदणीचा कागद) माझ्या नावावर आहे. विमा कंपनी म्हणते युरोप कव्हर आहे. एवढ्यावर भागतं का? बायकोकडे भारतातलं पक्कं आणि इथलं प्रोव्हिजनल (शिकाऊ) लायसन्स आहे. मोकळ्या रस्त्यावर तासभर तिनं चालवली तर चालेल का?

व्हिसाचं विशेष टेन्शन नाही. आई आली की चौघांचे शेंगेन व्हिसाचे (या सगळ्या देशांना मिळून एकच) अर्ज एकदमच टाकू.

उजव्या बाजूनं गाडी चालवायचा अनुभव शून्य. जाणकारांनी जरा इस्कटून सांगावं.

केंटकर

बाकी सगळं बाजूला ठेवा, शेवटून दुसरा परिच्छेद आधी बदला. व्हिसाचंच टेन्शन घ्या.

शेंगेन व्हिसाचा अर्ज माणूस जिथे कायदेशीररीत्या राहतो तिथून करायचा असतो. तुम्ही तिघं युकेत राहता, तुमचा अर्ज इथून. काकू युकेत पाहुण्या असतील. पाहुण्याचा अर्ज इथे घ्यायचा की नाही हे वकिलातीच्या मर्जीवर, आणि "भारतातून का नाही केला?" याला पटण्यासारखं कारण द्यावं लागतं. "मुलाकडे आल्यावर ठरलं" हे त्यांना पटत नाही. तेव्हा काकूंचा अर्ज आत्ताच भारतातून टाका. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, वर सेवाकेंद्राचे पैसे वेगळे. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो.

अर्ज कुठल्या देशाकडे? जिथे सर्वांत जास्त रात्री, त्या देशाकडे. तुमच्या आराखड्यात तो स्वित्झर्लंड. आत शिरताना फ्रान्स लागतो म्हणून फ्रान्सकडे जायची गरज नाही. मात्र चौघांच्या अर्जांत मुक्काम, तारखा, फेरीचं बुकिंग सगळं जुळलं पाहिजे. काकूंच्या अर्जाला तुमचं पत्र आणि तुमच्या युकेतल्या परवान्याचा पुरावा जोडा, म्हणजे साताऱ्याच्या बाई डोव्हरहून फ्रान्समध्ये का शिरणार आहेत हे वाचणाऱ्याला कळेल. तोंडी सांगायची संधी मिळेलच असं नाही.

काकूंचा युकेचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना, तेही बघा. बहुधा असतोच, पण कागद वाचून खात्री करा. तुमचे तिघांचे ई-व्हिसा आत्ताच्या पासपोर्ट नंबरला जोडलेले आहेत ना, तेही तपासा. बीआरपी (युकेत राहायच्या परवान्याची) कार्डं ३१ डिसेंबर २०२४ ला संपली. मध्यंतरी पासपोर्ट नवा केला असेल आणि खात्यात बदल केला नसेल तर परतताना चौकशी लांबते.

हप्तेबाज

वरच्याला +१. आता गाडीचं.

पीसीपीत तुम्ही नोंदणीकृत वापरकर्ते, मालक फायनान्स कंपनी. त्यामुळे गाडी देशाबाहेर न्यायला त्यांचं परवानगीपत्र घ्या. बहुतेक कंपन्या ईमेलवर देतात, काही अटी घालतात. लॉगबुक मूळ न्यायचं, झेरॉक्स नाही. (धागा वाचणाऱ्या लीजवाल्यांसाठी: तुमच्याकडे लॉगबुक नसतंच, तुम्हाला लीज कंपनीकडून व्हीई१०३बी नावाचं प्रमाणपत्र मागावं लागेल.)

विम्याच्या बाबतीत "युरोप कव्हर आहे" या वाक्यावर अजिबात विसंबू नका. इथल्या प्रत्येक पॉलिसीत युरोपियन युनियनमध्ये किमान थर्ड पार्टी संरक्षण असतंच, आणि फोनवरचा माणूस कधी कधी तेवढंच सांगत असतो. तुमची गाडी ठोकली गेली किंवा चोरीला गेली तर काय, हे पॉलिसीच्या कागदात शोधा. स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही, तेव्हा त्याचं नाव यादीत आहे का ते डोळ्यांनी वाचा. ग्रीन कार्ड (परदेशात दाखवायचा विम्याचा पुरावा) ऑगस्ट २०२१ पासून लागत नाही. ब्रेकडाउन कव्हर मात्र वेगळं घ्या, गाडी परत इंग्लंडला आणून देण्यासह. फ्रेंच हायवेवर गाडी बंद पडली तर आपल्या ओळखीचा मेकॅनिक बोलावता येत नाही, ठरलेली टोइंग गाडीच येते.

वहिनींनी चालवायचा विचार सोडा. प्रोव्हिजनल देशाबाहेर चालत नाही. भारतातलं लायसन्स इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच चालतं, आणि पॉलिसीत त्यांचं नाव नसेल तर पुढचं बोलणंच खुंटतं. जुलैच्या आत टेस्ट पास झाल्या तर गोष्ट वेगळी. मग इथल्या फोटोकार्डावर या सगळ्या देशांत चालवता येईल.

दर्यावर्दी_नाही

फेरीवरून बऱ्याचदा गेलोय म्हणून लिहितो. बोगद्यातली शटल फोकस्टनहून ३५ मिनिटांत पलीकडे. गाडीतच बसायचं, खाली उतरून गाडीशेजारी उभं राहता येतं, संपलं. डोव्हर-कॅले फेरी दीड तास, डोव्हर-डंकर्क दोन तास. वेळ वाचवायचाय तर शटल, सहल बोटीपासूनच सुरू करायची असेल तर फेरी. काकू बरोबर बोलतायत.

गुडघ्यांचं काम सोपं आहे. बुकिंग करतानाच कळवा आणि चेक-इनच्या खिडकीवर पुन्हा सांगा. गाडी लिफ्टजवळ लावून देतात. एकदा वर गेलात की बोट पलीकडे लागेपर्यंत गाड्यांचे मजले बंद. म्हणून औषधं, स्वेटर, पासपोर्ट, मुलीचं खाणं आधीच एका पिशवीत काढून ठेवा. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला. अलार्मचा सेन्सर बंद करायचं बटण कुठे आहे ते घरीच मॅन्युअलमध्ये शोधून ठेवा. लाटांवर बोट हलली की खालच्या मजल्यावर अलार्म कोकलायला लागतात. आणि मजल्याचा नंबर आणि जिन्याचा रंग जो काही लिहिलेला असेल त्याचा फोटो काढा. उतरायच्या वेळी दोनशे माणसं एकाच वेळी आपली गाडी शोधत असतात.

टपावर बॉक्स लावणार असाल तर बुकिंगमध्ये उंची त्याच्यासकट लिहा.

डोव्हरला फ्रेंच पोलिसांची पासपोर्ट तपासणी बोटीत चढायच्या आधी, इंग्लंडच्याच जमिनीवर होते. त्यामुळे कॅलेला उतरलं की सरळ रस्त्यावर. परत येताना उलट, ब्रिटिश अधिकारी कॅलेलाच बसलेले. ऑक्टोबर २०२५ पासून ईईएस ही शेंगेन सीमेवरची नवी नोंदणी टप्प्याटप्प्यानं सुरू झाली आहे, त्यात शिक्क्याऐवजी फोटो आणि बोटांचे ठसे. शेंगेन व्हिसावाल्यांचे ठसे व्हिसाच्या वेळीच घेतलेले असतात, तरी पुढच्या गाड्यांच्या रांगेत तुम्हीही अडकणारच. शाळा सुटल्यानंतरचा पहिला शुक्रवार-शनिवार टाळा. एम२० हायवेवर लॉऱ्यांची रांग लावतात तेव्हा रेडिंग ते डोव्हर हे दोन-सव्वादोन तासांचं अंतर कितीही ताणतं. मंगळवार-बुधवारी पहाटेची फेरी बघा.

अवांतर: हारिच ते हुक ऑफ हॉलंड रात्रीची फेरी पाहिली का? केबिन घ्यावीच लागते, त्यामुळे महाग. पण काकूंना रात्रभर झोप, सकाळी हॉलंडमध्ये, आणि पुढे बाझलपर्यंत जर्मनीतून एक पैसा टोल नाही. मी असतो तर जाताना ही आणि येताना डोव्हर असं केलं असतं.

रस्त्यावरची

मी गाडी चालवते म्हणून त्या बाजूचं.

उजव्या बाजूनं चालवायची भीती कॅलेला वाटते, धोका मात्र नंतर असतो. बंदरातून बाहेर पडताना पुढे-मागे गाड्या असतात, पाट्या असतात, आपणही सावध असतो. खरी गडबड होते ती दुसऱ्या दिवशी सकाळी, रिकाम्या पंपावरून किंवा गावातल्या सुनसान गल्लीतून बाहेर पडताना. हात आपोआप डावीकडे वळवतात. शेजारी बसणाऱ्यानं प्रत्येक वळणाला मोठ्यानं "उजवीकडे" म्हणायचं, असा आमच्या घरी नियमच आहे. शिवाय फ्रेंच गावांत पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो कितीही बारक्या गल्लीतून येवो.

शेजारी कोण बसणार हे मात्र आधी ठरवा, कारण टोल तोच भरणार. आपलं स्टिअरिंग उजवीकडे आणि फ्रान्समधल्या टोलनाक्याचं मशीन गाडीच्या डाव्या हाताला. कॅलेहून रीम्सपर्यंत ए२६ आणि पुढे ए४, दोन्हीकडे आधी तिकीट घ्यायचं आणि बाहेर पडताना पैसे. गुडघ्यांमुळे काकू पुढे बसणार असतील तर तिकीट ओढणं, ते पर्समध्ये हरवू न देणं, कार्ड टेकवणं हे खातं त्यांच्याकडे! माझ्या सासूबाईंनी दोन नाक्यांत हे असं काही आत्मसात केलं की नंतर मला सुटे पैसे कुठे ठेवलेत हेही विचारेनात. नको असेल तर काचेला लावायचा टोल टॅग आधी मागवा. मुलगी मागेच, फ्रान्समध्ये १० वर्षांखालच्या मुलांना पुढे बसवत नाहीत.

येताना तुम्ही लक्झेंबर्गवरून येताय ते उत्तम. तिथे आणि बेल्जियममध्ये कारला हायवेवर टोल नाही, आणि लक्झेंबर्गला पेट्रोल स्वस्त, टाकी तिथेच भरा. फ्रान्समध्ये हायवेवरच्या पंपापेक्षा सुपरमार्केटचा पंप स्वस्त पडतो. पंपावर "गाझोल" लिहिलेलं असेल तर ते डिझेल, नावावर जाऊ नका. तुमची पेट्रोल असेल तर "एसपी९५" बघा.

स्वित्झर्लंडचा हायवे वापरायला विन्येट (टोलचा पास) लागतं, ४० फ्रँक, वर्षभराचंच मिळतं. आता गाडीच्या नंबरावर ऑनलाइनही निघतं. सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. शोधलं की वर येणारे बरेचसे मधले दलाल जास्त पैसे घेतात. तिकडे दिवसाही हेडलाइट चालू ठेवायचे. वेगाचा दंड इतका जबर की मैल-किलोमीटरचा घोळ परवडणार नाही, स्पीडोमीटर किलोमीटरवर टाकून घ्या. फ्रान्सच्या हायवेवर १३०, पाऊस असेल तर ११०.

गाडीत धोक्याचा त्रिकोण आणि चमकणारी जॅकेटं हवीत. जॅकेटं डिकीत नकोत, हाताशी. हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांवर जाऊ नये म्हणून काचेला पट्ट्या लावा किंवा सेटिंग बदला. नंबरप्लेटवर युके नसेल तर मागे युकेचा स्टिकर. जुना जीबीचा सप्टेंबर २०२१ पासून चालत नाही.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. केंटकर, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच साताऱ्याला फोन लावला. पुढच्या आठवड्यात तिची अपॉइंटमेंट बघतोय. भावाला कामाला लावलंय. फायनान्स कंपनीलाही मेल टाकली.

एक राहिलंच. आई येताना घरचं साजूक तूप, बेसनाचे लाडू, भाजणी, मेतकूट, चकल्या घेऊन येणार आहे, आणि तो सगळा फराळ पुढे इंटरलाकनला न्यायचा तिचा पक्का बेत आहे. सोबत कढीपत्ता. बोटीवर कोणी तपासतं का?

रस्त्यावरची

तूप घरीच ठेवा. इंग्लंडमधून युरोपियन युनियनमध्ये दूध-दुभतं आणि मांस न्यायला २०२१ पासून बंदी आहे, आणि तूप दुभत्यातच येतं. पनीर, पेढे, श्रीखंडही तसंच. तपासतीलच असं नाही, पण कॅलेला डबा उघडून कचऱ्यात टाकताना काकूंनी बघायला नको. भाजणी, मेतकूट, तेलातल्या चकल्या बिनधास्त न्या. लाडू तुपातले असतील तर मी नेणार नाही, शेंगदाणा-गुळाचे करायला सांगा. तूप तिकडे लोणी कढवून होतं, स्विस लोणी आहे शेवटी.

कढीपत्ता आणि कोथिंबीर नको, ताज्या पाल्याला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. गंमत म्हणजे नारळ, केळी, अननस यांना सूट आहे. तेव्हा ओल्या नारळाची चटणी होईल, फोडणी कढीपत्त्याविना.

आणि येताना ब्रूजहून चीज आणायचा विचार असेल तर तो तिथेच खाऊन संपवा. एप्रिल २०२५ पासून युनियनमधून इंग्लंडमध्ये दुधाचे पदार्थ आणि बहुतेक मांस स्वतःपुरतंही आणता येत नाही. चॉकलेट चालतं.

दर्यावर्दी_नाही

तुम्ही कॅले घ्या किंवा डंकर्क, काकूंना सांगा की निघताना बोटीच्या मागच्या डेकवर जायचं, पुढच्या नाही. डोव्हरचे पांढरे कडे मागे राहतात. वारा भरपूर असतो, स्कार्फ बांधून. दोन तास गाडीत बसून आल्यावर गुडघे मोकळे करायलाही बरं.

हारिचचं काय ठरलं तेही इथे लिहा. केबिनचे दर सुट्टीत भराभर चढतात, व्हिसाची वाट बघत बसायचं असेल तर तारीख बदलता येणारं तिकीट घ्या.